बंडखोराचे परतणे : नायकप्रवासाचा आराखडा आणि आपली कादंबरी

कथा-कादंबरीतल्या नायकाची वाटचाल कशी तपासावी याचा एक आराखडा आता आपल्या महाविद्यालयांतून चांगलाच रुळला आहे. अमेरिकन मिथक-अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात तो मांडला. जगभरच्या पुराणकथा, लोककथा आणि धर्मकथा एकमेकींशेजारी ठेवल्या तर त्यांच्या तळाशी एकच सांगाडा दिसतो, असे त्यांचे म्हणणे. नायकाला साद येते, तो आपले घर-गाव सोडतो, उंबरठा ओलांडून अनोळखी मुलखात जातो. तिथे त्याची परीक्षा होते, त्या परीक्षेतून त्याला काही अमोल वस्तू गवसते आणि ती घेऊन तो आपल्या माणसांत परततो. प्रस्थान, दीक्षा आणि परतणे असे हे तीन टप्पे. जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटानंतर हा आराखडा सिनेमावाल्यांच्या हाती गेला. पुढे ख्रिस्तोफर व्होग्लर यांनी पटकथालेखकांसाठी त्याच्या बारा सुटसुटीत पायऱ्या करून दिल्या. आज मराठीच्या वर्गातही फळ्यावर एक वर्तुळ काढून त्यावर या पायऱ्या मांडल्या जातात.

काही वर्षांपूर्वी लातूरच्या एका महाविद्यालयात अशाच एका चर्चासत्राला मी गेलो होतो. एका विद्यार्थिनीने अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’वर निबंध लिहिला होता. तिने वर्तुळ काढले, पायऱ्या मांडल्या; पण वर्तुळाचा शेवटचा भाग मोकळाच सोडला. तपासणाऱ्याने त्यावर ‘आकृती अपूर्ण’ असा शेरा मारून गुण कापले होते. जेवणाच्या सुट्टीत ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, फकिरा परत आलाच नाही. मग मी रेघ कुठून ओढू?”

मी तेव्हा तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की त्या मुलीची आकृती बरोबर होती. बंडखोर पात्राच्या बाबतीत कॅम्पबेल यांच्या आराखड्याचे पहिले दोन टप्पे पुष्कळ उपयोगी पडतात. तिसरा टप्पा मात्र नायकाच्या हाती नसतो. त्याच्या परतीची वाट कोणीतरी अडवलेली असते. म्हणून बंडखोराची कथा वाचताना ‘तो परतला का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘त्याची वाट कोणी अडवली, आणि त्याच्या वतीने कोण परतले?’ असे विचारावे लागते. मुस्लिम मराठी वाचकाच्या दृष्टीने तर हा प्रश्न फारच जवळचा आहे.

१. फकिराची वाट

‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. वाटेगाव या वारणाकाठच्या मुलखातल्या गावाची आणि तिथल्या मांगवाड्याची ही कथा. आराखडा लावून पाहू लागलो, की पहिल्याच पायरीवर अडखळायला होते. नायकाला येणारी साद ही मुळात त्याची नाहीच. ती त्याचा बाप राणोजी याला आलेली आहे. गावाची जत्रा भरावी म्हणून राणोजी शिगावची जोगणी आणायला जातो आणि त्यात मारला जातो. मान मिळतो तो साऱ्या गावाला, रक्त सांडते ते मांगवाड्याचे. फकिराकडे साद येते ती अशी वारशाने, बापाच्या रक्तातून. कॅम्पबेल यांचा नायक एकटा घराबाहेर पडतो. फकिरा बाहेर पडतो तेव्हा मागची पिढी त्याच्या पाठीशी उभी असते.

पुढे जोगणीवर हक्क सांगत शिगावचा खोत चालून येतो. आपल्या बापाला मारणारा माणूस फकिराच्या तावडीत सापडतो. इथे सूडकथेच्या वळणाने जाणाऱ्या लेखकाने खोताचे मुंडके उडवले असते. फकिरा त्याचा हात तोडतो आणि जीव सोडतो. ही त्याची पहिली परीक्षा, आणि ती शत्रूला जिंकण्याइतकीच स्वतःच्या रागाला आवरण्याची आहे.

खरी कसोटी मात्र दुष्काळाची. आराखड्यात नायकासमोर राक्षस असतो, अजगर असतो, गुहा असते. अण्णा भाऊंनी भूक उभी केली. साथीत आणि उपासमारीत माणसे मरू लागतात तेव्हा फकिरा धान्याची कोठारे फोडतो आणि ते धान्य वाटतो. त्याला या कामी विष्णुपंत कुलकर्णी यांच्यासारख्या माणसाचे पाठबळ आहे, ही गोष्टही विसरता कामा नये. अण्णा भाऊंनी जातीवरून खलनायक ठरवले नाहीत. आराखड्यातला ‘मदतनीस’ त्यांनी वाड्यात शोधला.

आता इथे क्रम पाहा. नायकाला मिळणारी अमोल वस्तू, म्हणजे धान्य, त्याला मधल्याच टप्प्यात मिळते आणि तो ती ताबडतोब वाटूनही टाकतो. ती कोठल्या परलोकातून आणलेली नाही. आपल्याच गावकुसाजवळ कुलपात पडलेली होती. म्हणजे परतण्याआधीच त्याने परतणाऱ्याचे काम करून टाकले. त्यानंतर उरते ती शिक्षा. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये आला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली गेली. या कायद्याने माणसाला गुन्ह्याऐवजी जन्मावरून गुन्हेगार ठरवले आणि त्याच्यामागे हजेरी लावली. दिवसातून अनेकदा हजेरी द्यावी लागणाऱ्या माणसाला ‘घर सोडून निघणे’ हाच मुळी अपराध असतो. कॅम्पबेल यांच्या नायकाचे घर हे शांत, ओळखीचे जग आहे. फकिराचे घरच सरकारच्या वहीत तुरुंग म्हणून नोंदलेले आहे. मग त्याने परतावे कुठे?

सरकारी खजिना लुटल्यावर इंग्रज अधिकारी फकिराला पकडू शकत नाहीत. म्हणून ते त्याच्या माणसांना, बायकापोरांना कोंडतात. त्यांना सोडवण्यासाठी फकिरा स्वतःहून हजर होतो. कथानकाच्या भाषेत हीच त्याची ‘परत’. तो आपल्या माणसांकडे येतो तो त्यांची सुटका घेऊन, आणि बदल्यात स्वतःला देऊन. पुढे फास आहे. वर्तुळ तिथे तुटते. ते लेखकाच्या हातून राहून गेलेले नाही. सत्तेने ते तोडले आहे, आणि कुठे तोडले ती जागा कादंबरी नेमकी दाखवते.

२. कोठार उघडणारा आणि कोठार फोडणारा

आपल्या घरांतून आपण ज्या कथा ऐकत वाढलो त्यांच्याकडे या निमित्ताने पुन्हा पाहावेसे वाटते. कुरआन शरीफमध्ये सूरह यूसुफला ‘अहसनुल कसस’, म्हणजे सर्वांत सुंदर कथा, म्हटले आहे. हजरत यूसुफ यांची कथा आराखड्यात चपखल बसते. भावांनी विहिरीत टाकणे, परमुलखात विकले जाणे, खोटा आळ, तुरुंग, स्वप्नांचा अर्थ सांगण्याचे ज्ञान, आणि शेवटी दुष्काळात मिसरच्या कोठारांची जबाबदारी. पण त्यांचेही ‘परतणे’ सरळ नाही. ते कनआनला परत जात नाहीत. भुकेने त्यांचे भाऊच त्यांच्या दारी येतात, आणि नंतर आईवडीलही. दुष्काळ तोच, कोठार तेच. यूसुफ यांच्या हाती किल्ली होती म्हणून ते माफ करू शकले आणि कुटुंब एकत्र आले. फकिराच्या हाती किल्ली नव्हती म्हणून त्याला दार फोडावे लागले. बंडखोर आणि न्यायी कारभारी यांच्यात कित्येकदा एवढेच अंतर असते, की किल्ली कोणाकडे आहे.

दुसरी कथा करबलाची. इ. स. ६८० मध्ये इमाम हुसैन मदिना आणि मक्का मागे ठेवून निघाले ते परतले नाहीत. आराखड्याच्या हिशेबाने हीही ‘अपूर्ण आकृती’ ठरेल. पण करबलाची कथा तिथे संपत नाही. हजरत जैनब कैदी म्हणून दमास्कसच्या दरबारात उभ्या राहिल्या, बोलल्या आणि मदिनेला परतल्या. काय घडले ते त्यांच्या तोंडून पुढे आले. म्हणजे प्रस्थान आणि परीक्षा एकाची, परतणे दुसऱ्याचे. जो परतला नाही त्याचा वृत्तान्त परतला, आणि तोच आज चौदाशे वर्षांनंतर आपल्या खेड्यांतून फिरतो. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी गावांत मोहरमच्या सवाऱ्यांना हिंदू आणि मुसलमान दोघेही खांदा देतात. ज्यांनी ना इतिहास वाचला ना कॅम्पबेल, त्यांना हे पक्के ठाऊक असते, की हुतात्म्याची कथा सांगणाऱ्यावाचून पुरी होत नाही.

मला वाटते, बंडखोर पात्राच्या समीक्षेत हीच दुरुस्ती करायला हवी. तिसरा टप्पा पुसून न टाकता, तो कोणाच्या पायांनी चालला गेला ते शोधायचे. कॅम्पबेल यांनीही परतीच्या अडचणींचा विचार केला आहे. नायकाने परतण्यास नकार देणे, बाहेरून कोणी त्याची सुटका करणे, परतल्यावर त्याचे बोलणे लोकांना न कळणे, हे सारे त्यांच्या मांडणीत येते. पण तिथे मुख्य अडचण नायकाच्या मनाची असते. आपल्या बंडखोराला परतायचे असते. त्याला दारच उघडे मिळत नाही.

‘फकिरा’त जैनबचे काम कोणी केले? अण्णा भाऊंनीच. १ ऑगस्ट १९२० रोजी त्याच वाटेगावात, त्याच मांगवाड्यात जन्मलेला मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईला गेला, गिरणगावात राबला, शाहीर झाला आणि ज्याला फासावर चढवले गेले त्याला कादंबरीत जिवंत करून गावात परत घेऊन आला. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीला अर्पण केली आहे. अर्पण व्यक्तीला न करता लेखणीला करावे, याचा अर्थ या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो. तलवार जिथे खाली ठेवावी लागली तिथून लेखणी पुढे निघाली.

३. धनेगावचा मुलगा

आमच्या लातूरकडचे उदाहरण घ्यायचे तर लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आठवते. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, हे खरे. परंतु फकिराच्या शेजारी ठेवून वाचले तर तिसऱ्या टप्प्याचे काय झाले ते त्यात दिसते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला होता. पण लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या झोपडीत पोलिसांचे येणे थांबले नव्हते. कागद बदलला, हजेरी मनात राहिली.

इथे साद येते ती बापाच्या निर्णयातून : मुलाला शाळेत घालायचे. आणि उंबरठ्यावरचा राखणदार बाहेरचा कोणी नाही, तर आपलीच जमात आहे. वस्तीतली पोरे आजारी पडतात तेव्हा त्याचे खापर लक्ष्मणच्या शाळेत जाण्यावर फोडले जाते. नवे काही करणाऱ्यावर संकटाचा दोष टाकण्याची ही रीत आपल्याही मोहल्ल्यांना अपरिचित नाही. पुढे लातूरच्या सूतगिरणीतली नोकरी, संघटनेचे काम, आणि अखेर हे पुस्तक. फकिराच्या वतीने अण्णा भाऊ परतले. ‘उचल्या’त बंडखोर आणि सांगणारा एकच माणूस आहे. तो स्वतः लिहून परततो. मराठवाड्यातला बंडखोर कादंबरीतून आत्मकथनाकडे का वळला, याचे एक कारण मला यात दिसते. दुसरा कोणी आपल्याला परत आणील याची वाट पाहणे त्याने सोडून दिले.

४. ‘इंधन’ : परतण्यापासून सुरू होणारी कथा

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली आली. त्याआधी १९६१ मध्ये त्यांचा ‘लाट’ हा कथासंग्रह आला होता. ‘इंधन’चा निवेदक बऱ्याच वर्षांनी, आजारातून उठून, विश्रांतीसाठी कोकणातल्या आपल्या गावी येतो. गाव सोडताना त्याने धर्माच्या रूढ चौकटीही मागे सोडल्या आहेत. म्हणजे प्रस्थान आणि परीक्षा कादंबरी उघडण्यापूर्वीच होऊन गेल्या. कादंबरी सुरू होते तीच मुळी तिसऱ्या टप्प्यापासून.

आणि इथे दलवाई यांनी जे केले ते धीट होते. त्यांनी परतणाऱ्याला शहाणपणाची पेटी घेऊन येणारा तारणहार केला नाही. गावातले मुसलमान, कुळवाडी, नवबौद्ध यांच्यातले जुने हिशेब, जमिनीचे आणि इज्जतीचे ताण, स्त्री-पुरुष संबंधांतले गुंते हळूहळू पेटत जातात. निवेदक ते पाहतो, त्याला ते कळते, पण तो ते थांबवू शकत नाही. त्याच्याजवळ विचार आहे, त्याला गिऱ्हाईक नाही. गाव इंधन झाले आहे, ठिणगी कोणाचीही चालेल. शेवटी त्याला पुन्हा निघावे लागते. फकिराची वाट फासाने अडवली. ‘इंधन’च्या निवेदकाला गावात येऊ तर दिले, पण त्याच्यासाठी जागा ठेवली नाही.

‘इंधन’च्या संदर्भात एक गोष्ट आपण मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. दलवाई या कार्यकर्त्याशी आपण भांडलो. १८ एप्रिल १९६६ चा सात मुस्लिम स्त्रियांचा मुंबईतला मोर्चा, २२ मार्च १९७० ला पुण्यात स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ, त्यांचे लेख आणि भाषणे यांवर आपल्यात दोन तट पडले. त्यांच्या विधानांशी असहमत होण्याचा हक्क कोणालाही आहे, मलाही आहे. पण त्या गदारोळात कादंबरीकार दलवाई वाचायचे राहून गेले. ज्यांना ते पटत होते त्यांनी ‘इंधन’ला पुरावा केले, ज्यांना पटत नव्हते त्यांनी आरोपपत्र. पात्रे म्हणून तिच्यातल्या माणसांकडे दोघांनीही पाठ फिरवली. ३ मे १९७७ रोजी दलवाई गेले. त्यांच्या निवेदकाला त्याच्या गावाने जागा दिली नाही, आणि वाचक म्हणून आपणही दिली नाही.

५. धार कुठे अडली?

नांदेडच्या नरहर कुरुंदकर यांनी मराठी कादंबरीवरच्या आपल्या ग्रंथाला (१९७१) ‘धार आणि काठ’ असे नाव दिले. ते रूपक उसने घेऊन मी म्हणेन, की आराखडा हा काठ आहे आणि कथा ही धार. काठ असल्याशिवाय प्रवाह दिसत नाही. पण धार जिथे काठ फोडते तिथे खडक कोणता होता, हे पाहिल्याशिवाय नदी समजत नाही.

नांदेड-लातूरच्या मुसलमानाच्या कथेत तो खडक १९४८ चा आहे. मराठवाडा मुक्तिसंग्रामाची कथा नायकप्रवासाच्या आराखड्यात व्यवस्थित बसते : निजामी राजवटीचा जुलूम, तरुणांना आलेली साद, सरहद्दीबाहेरचे कॅम्प, संघर्ष आणि १७ सप्टेंबरची घरवापसी. ती कथा खरी आहे, आणि तिचा अभिमान आपल्यालाही असला पाहिजे. रझाकारांनी केलेले अत्याचारही खरे आहेत. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरलाच वकिली करीत होता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच सप्टेंबरनंतर काय झाले हे पाहायला पंडित सुंदरलाल समिती या भागात आली. दीर्घकाळ अप्रकाशित राहिलेल्या तिच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून नोंदले आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. ज्यांनी रझाकारांना कधी थारा दिला नाही असे शेतकरी, विणकर, कारागीरही त्यात होते. त्यांच्यातले किती गावाकडे परतले, कोणत्या तोंडाने परतले, याची गोष्ट आपल्या घरांत कुजबुजीत सांगितली जाते.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी एक बंडखोर उभा आहे. शोएबुल्ला खान, हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. मुसलमान असून त्याने निजामाच्या आणि रझाकारांच्या धोरणाविरुद्ध लिहिले, भारतात विलीन होण्याची बाजू घेतली. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी परतताना त्याच्यावर हल्ला झाला, त्याचा हात तोडण्यात आला आणि त्याचा मृत्यू झाला. लिहिणाऱ्याचा हात, आणि घराकडे जाणारी वाट, दोन्ही एकदमच तोडले गेले. त्याला नायक करणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. १९६६ च्या त्या सात स्त्रियांपैकी एखादीला नायिका करणारीही नाही. मुक्तिसंग्रामाच्या कथेत मुसलमान बहुधा खलनायक म्हणून येतो किंवा शेजारी राहणारा भला चाचा म्हणून. बंडखोर म्हणून येत नाही.

१९९० साली सोलापूरला लातूरचे कवी फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण कविता पुष्कळ लिहिल्या, वैचारिक लेख लिहिले, भाषणे केली. कवितेत आपला बंडखोर दिसतो. पण तो साद ऐकतो आणि उंबरठ्यावर उभा राहून बोलतो. त्याला चालवायला, चुकवायला, हरवायला आणि शेवटी कोणाच्या तरी तोंडून घरी आणायला कादंबरीच लागते. तिथे आपण कमी पडलो. आपला बंडखोर एकाच वेळी दोन दारांवर उभा असतो. घरातले त्याला ‘बाहेरच्यांचा’ म्हणतात, बाहेरचे त्याला ‘त्यांच्यातला’ म्हणतात. एवढा मोठा संघर्ष ज्या पात्रात आयता भरलेला आहे, त्याला शोधायला परदेशी आराखड्याची गरज नाही. आराखडा फक्त एवढेच दाखवतो, की त्याची गोष्ट आपण कुठे सोडून दिली.

त्या विद्यार्थिनीला आज मी सांगेन : बेटा, रेघ ओढू नकोस. मोकळी जागा मोकळीच ठेव आणि तिच्या एका टोकाला लिही, वाट कोणी अडवली. दुसऱ्या टोकाला लिही, त्याच्या वतीने कोण परतले. फकिराच्या बाबतीत तिथे अण्णा भाऊंचे नाव येईल. ‘इंधन’च्या निवेदकाच्या आणि शोएबुल्ला खानच्या पुढे ती जागा अजून कोरी आहे. तिथे तुझे नाव यायला काय हरकत आहे?